हवा तो मेल स्पॅममध्ये का जातो आणि तिथून कसा सोडवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात मेलवर अडून असलेली माणसं कितीतरी आहेत. मांद्रे-मोरजीला खोल्या भाड्याने देणारे, बोटीवरच्या जॉइनिंगची वाट बघणारे तारवटी, परदेशी विद्यापीठांत अर्ज केलेली मुलं, देवस्थानांच्या कमिट्या, नाटकमंडळ्या. यांतल्या कोणाचाही एक मेल हुकला तर हंगाम, नोकरी किंवा वर्ष हातचं जाऊ शकतं. म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः जीमेल धरून दिली आहेत, कारण विचारणाऱ्या बहुतेकांचं खातं तिथेच असतं. आउटलुक किंवा याहूची वाट वेगळी असेल तिथे तसं सांगितलं आहे.

समोरचा म्हणतो "पाठवला", पण मला मेल मिळालाच नाही. आधी कुठे बघू?

आधी स्पॅम फोल्डर. फोनवर जीमेल उघडा, वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा दाबा आणि यादीत 'स्पॅम' दिसेपर्यंत खाली सरका. आउटलुकमध्ये त्याच फोल्डरचं नाव 'जंक' आहे.

शोधपट्टीत नुसतं नाव टाकून "नाही आला" असं ठरवू नका. जीमेलचा साधा शोध स्पॅम आणि ट्रॅश हे दोन फोल्डर वगळून चालतो. बहुतेकांना हे ठाऊक नसतं आणि समोर पडलेला मेल त्यांना सापडत नाही. शोधपट्टीत इंग्रजी अक्षरांत 'इन', मग कोलन, मग 'एनीव्हेअर' असं जागा न सोडता लिहा, त्यानंतर एक जागा सोडून पाठवणाऱ्याचं नाव लिहा. आता सगळे फोल्डर धुंडाळले जातील.

तिथेही नसेल तर जागा तपासा. गूगलच्या मोफत खात्याला १५ जीबी मिळतात आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आले. चवथीचे, शिगम्याचे व्हिडिओ फोनवरून आपोआप वर चढत राहतात आणि एक दिवस खातं भरतं. मग नवा मेल तुमच्यापर्यंत येतच नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो. यात स्पॅम फिल्टरचा, म्हणजे मेल चाळून नकोसे बाजूला टाकणाऱ्या यंत्रणेचा, काहीही संबंध नाही, पण दोष मात्र त्यालाच दिला जातो.

पत्ता चुकलेला असणं हेही नेहमीचंच. आपल्याकडे एकच आडनाव दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. काकोडकर कोणी 'के'ने लिहितं, कोणी जुन्या पोर्तुगीज वळणाने 'सी'ने. फोनवर सांगितलेला पत्ता समोरच्याकडून एकेक अक्षर म्हणून घ्या.

आणि दुकानातल्या किंवा ऑफिसातल्या कंप्युटरवर मेल एखाद्या जुन्या प्रोग्राममध्ये उतरत असेल, तर तो बहुधा पॉप पद्धतीने जोडलेला असतो. पॉपने फक्त इनबॉक्स उतरतो, स्पॅम फोल्डर तिथे दिसतच नाही. ब्राउझर उघडून, लॉगिन करून बघितल्याशिवाय खात्री धरू नका.

स्पॅममध्ये सापडला. आता काय करायचं?

वाचून तसाच ठेवू नका. जीमेल स्पॅममधला मेल ३० दिवसांनी कायमचा पुसून टाकतं. मेल उघडा, वर 'नॉट स्पॅम' असं बटण असतं, ते दाबा. मेल इनबॉक्समध्ये येतो आणि अशा मेलबद्दलचं तुमचं मत फिल्टरपर्यंत पोचतं. त्यानंतर पाठवणाऱ्याचा पत्ता कॉन्टॅक्टमध्ये घाला आणि जमल्यास एका ओळीचं उत्तर पाठवा. दोन्ही बाजूंनी पत्रव्यवहार चालू आहे ही खूण फिल्टरच्या दृष्टीने वजनदार असते.

हे सगळं करण्याआधी एकच गोष्ट बघा: मेल खरंच त्या माणसाचा आहे का? वर दिसणारं नाव कोणीही काहीही ठेवू शकतो. नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा आणि 'अॅट'च्या पुढचा भाग शेवटपर्यंत वाचा. सरकारी खात्याचा मेल असेल तर पत्त्याचा शेवट 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा हवा. 'गोवा' आणि 'गव्ह' हे शब्द पत्त्यात कुठेतरी आहेत आणि शेवट मात्र 'डॉट कॉम' आहे, तर तो मेल आहे तिथेच बरा.

'नॉट स्पॅम' केलं तरी पुढचा मेल पुन्हा तिथेच जातो.

मग त्या पत्त्यासाठी पक्का नियम करून ठेवा. कंप्युटरवर जीमेल उघडा. शोधपट्टीच्या उजव्या टोकाला एक छोटी खूण आहे, ती दाबली की एक फॉर्म उघडतो. 'फ्रॉम'च्या रकान्यात पत्ता लिहा, 'क्रिएट फिल्टर' दाबा आणि पुढच्या यादीत 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' यावर टिक करा. एका संस्थेतून वेगवेगळी माणसं लिहिणार असतील तर पूर्ण पत्त्याऐवजी फक्त त्यांचं डोमेन, म्हणजे पत्त्यातला 'अॅट'च्या पुढचा भाग, लिहा.

डोमेन लिहिताना जपा. 'जीमेल डॉट कॉम' किंवा 'याहू डॉट कॉम' तिथे कधीही लिहू नका. तसं केलं तर जगातल्या प्रत्येक जीमेलवाल्या ठगाला तुम्ही दार उघडून दिलंत.

आउटलुक डॉट कॉमवर सेटिंग्जमध्ये मेल, त्यात जंक ईमेल आणि त्यात 'सेफ सेंडर्स अँड डोमेन्स' अशी यादी आहे, तिथे पत्ता घाला. याहूवर पत्ता कॉन्टॅक्टमध्ये घेऊन, त्याचे मेल इनबॉक्समध्ये टाकणारा फिल्टर करायचा.

हे फोनवरून होतं का?

'नॉट स्पॅम' होतं. नियम जीमेलच्या अॅपमध्ये करता येत नाही, त्याला कंप्युटर लागतो. पण एकदा केलेला नियम फोनलाही लागू होतो, म्हणून कोणाच्या तरी लॅपटॉपवर एकदा दहा मिनिटं बसून करून घ्या. काम झाल्यावर तिथून लॉगआउट करायला विसरू नका.

मुळात फिल्टर ठरवतो कसा? आमच्या मेलमध्ये तर वावगं काहीच नसतं.

अनेकांना वाटतं की 'फ्री', 'ऑफर' असे शब्द टाळले की झालं. एके काळी त्यात तथ्य होतं. आज फिल्टर सगळ्यात आधी बघतो तो पाठवणारा खरा आहे की नाही हे.

मेलची जुनी व्यवस्था भाबडी आहे. पाठवणारा 'प्रेषक' म्हणून कोणाचाही पत्ता लिहू शकतो. हे सावरायला पुढे तीन तपासण्या आल्या. एसपीएफ म्हणजे तुमच्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे देवस्थानच्या पत्रावरच्या सही-शिक्क्यासारखी डिजिटल खूण: ती जुळली तर पत्र त्याच डोमेनकडून आलं आणि वाटेत कोणी बदललं नाही. आणि डीमार्क म्हणजे या दोन्हींपैकी निदान एक तरी पत्रावर दिसणाऱ्या पत्त्याच्या डोमेनशी जुळते का ते बघून, न जुळल्यास मेलचं काय करायचं याची डोमेनच्या मालकाने दिलेली सूचना.

फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहूने हे सक्तीचं केलं. पाठवणारा कितीही लहान असो, एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक हवंच. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,०००च्या वर मेल धाडणाऱ्यांना तिन्ही हवीत, शिवाय जाहिरातवजा मेलमधून एका टिचकीत नाव काढण्याची सोय हवी. मे २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक डॉट कॉमसाठी अशीच अट घातली. बऱ्याच छोट्या धंद्यांचे मेल हल्ली अचानक स्पॅममध्ये जायला लागले, त्याचं मूळ मला बहुतेक वेळा इथेच सापडतं. मजकूर तोच आहे, पाठवणाराही तोच आहे, फक्त ओळखपत्र नाही.

ओळख पटल्यावर मग बाकीचं येतं: त्या डोमेनचा आजवरचा लौकिक, लोक त्याचे मेल उघडतात की स्पॅम म्हणून तक्रार करतात, आतल्या लिंका कुठे नेतात, आणि शेवटी मजकूर.

हे तीन प्रकार आमच्या मेलला आहेत की नाहीत, हे कसं कळणार?

तुमच्या धंद्याच्या पत्त्यावरून स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा. कंप्युटरवर तो उघडा, उजवीकडचे तीन टिंब दाबा, 'शो ओरिजिनल' निवडा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी दिसतील. तिन्हींपुढे 'पास' हवं. एखाद्या ओळीपुढे 'फेल' असेल किंवा ती ओळच नसेल, तर दुखणं सापडलं. त्या पानाचा फोटो काढा आणि ज्याने वेबसाइट करून दिली त्याला पाठवा. फोनवर अर्धा तास समजावण्यापेक्षा तो फोटो जास्त बोलतो.

आमचा होमस्टे आहे. वेबसाइटवरच्या फॉर्ममधून आलेली चौकशी नेमकी स्पॅममध्ये जाते.

हा प्रश्न किनाऱ्यावरच्या पेडणे-बार्देशातून इतका येतो, की याचं उत्तर नीट सविस्तर द्यायला हवं.

समजा जर्मनीतल्या पाहुण्याने डिसेंबरसाठी तुमच्या साइटवर फॉर्म भरला. त्याने आपला जीमेल पत्ता लिहिला. तुमची वेबसाइट आता तुम्हाला एक मेल पाठवते आणि त्यात 'प्रेषक' म्हणून त्या पाहुण्याचाच पत्ता घालते, कारण फॉर्म बनवणाऱ्याला ते सोयीचं वाटलं: तुम्ही 'रिप्लाय' दाबलं की उत्तर थेट पाहुण्याला. पण फिल्टरला काय दिसतं? मेलवर नाव जीमेलचं आणि आला मात्र कुठल्याशा स्वस्त होस्टिंगच्या, म्हणजे वेबसाइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या, सर्व्हरवरून. ही सरळ तोतयेगिरी झाली. फिल्टर त्याला स्पॅममध्ये टाकतो आणि त्याच्या जागी तो बरोबरच आहे.

इलाज सोपा आहे. फॉर्मच्या सेटिंगमध्ये 'फ्रॉम'ला तुमच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता घाला आणि पाहुण्याचा पत्ता 'रिप्लाय टू'मध्ये घाला. उत्तर तरीही पाहुण्यालाच जाईल. दुसरं, वेबसाइटला मेल पाठवायला होस्टिंगच्या सर्व्हरवर सोडू नका, तुमच्या मेलखात्यातून एसएमटीपीने, म्हणजे खात्यात रीतसर लॉगिन करून, पाठवायला लावा. वर्डप्रेसवर त्यासाठी तयार प्लगइन मिळतात.

एसपीएफच्या यादीचं एक पथ्य आहे. मेल एकाकडे, वेबसाइट दुसरीकडे आणि बुकिंगची पावती पाठवणारी सेवा तिसरीकडे, असं असेल तर तिघांचीही नावं एकाच एसपीएफ नोंदीत हवीत. नवीन सेवा घेतली की तिचा माणूस दुसरी नोंद घालून मोकळा होतो. एका डोमेनला दोन एसपीएफ नोंदी झाल्या की तपासणीच निकामी होते.

हंगाम सुरू होण्याआधी, सप्टेंबरात, आपल्याच फॉर्ममधून एक खोटी चौकशी पाठवून बघा. आणि फॉर्मच्या शेवटी 'चोवीस तासांत उत्तर नाही आलं तर व्हॉट्सअॅप करा' ही ओळ ठेवा. पाहुणा वाट बघत बसत नाही, पुढच्या घराला लिहितो.

देवस्थानच्या जत्रेचं निमंत्रण आम्ही सगळ्या महाजनांना (देवस्थानच्या सभासदांना), कुळाव्यांना (हे कुलदैवत मानणाऱ्यांना) मेल करतो. अर्ध्यांना मिळत नाही.

मुंबई, पुणे, बेळगाव, आखात, असे सगळीकडे पांगलेले कुळावी आणि कमिटीच्या सेक्रेटरीचं एक साधं जीमेल खातं. यादी सहाशेची. सेक्रेटरी सगळे पत्ते बीसीसीत (एकाला दुसऱ्याचा पत्ता न दिसणाऱ्या रकान्यात) चिकटवतो आणि पाठवतो. वैयक्तिक जीमेलवरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच पाठवता येतं. त्यापुढे गेलात की खात्यावरून पाठवणंच काही काळ बंद होतं, कधीकधी चोवीस तासांपर्यंत.

मर्यादा पाळली तरी अडचण राहते. वर्षभर गप्प असलेल्या खात्यावरून एकाएकी शेकडो जणांना एकच मेल सुटतो, त्यातले बरेच पत्ते जुने, बंद पडलेले. स्पॅम पाठवणाऱ्यांचं वागणंही असंच असतं. म्हणून आधी यादी झाडून घ्या. परत आलेले पत्ते काढून टाका, गेल्या पिढीतले जे आता नाहीत त्यांच्या मुलांचे पत्ते मागून घ्या. कोणाला यादीत राहायचं आहे हेही एकदा विचारा.

शक्य असेल तर देवस्थानच्या नावाचं डोमेन घ्या, तिन्ही तपासण्या लावा आणि मेल याद्यांसाठी असलेल्या सेवेतून पाठवा. तेवढं परवडत नसेल तर साठ-सत्तर जणांच्या तुकड्या करून दोन-चार दिवसांत पाठवा आणि निमंत्रण जत्रेच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नका.

आणि निमंत्रण नुसतं चित्र म्हणून पाठवू नका. छापील पत्रिकेचा फोटो मेलमध्ये टाकायचा आणि खाली एक शब्दही लिहायचा नाही, ही पद्धत देवस्थानांत आणि नाटकमंडळ्यांत सर्रास आहे. फिल्टरला चित्र म्हणजे मजकूर लपवण्याची जुनी युक्ती वाटते. तिथी, तारीख, पालखीची वेळ, महाप्रसाद, संपर्काचं नाव हे चार ओळींत लिहा आणि पत्रिका खाली जोडा. डोळे अधू झालेल्या वडीलधाऱ्यांनाही ते फोनवर मोठं करून वाचता येतं.

महाजनांच्या सभेची नोटीस मात्र मेलवर विसंबून ठेवू नका. ती नियमाने जशी द्यायची असते तशी द्यावीच लागते. मेल ही वरची सोय.

नको असलेल्या यादीतून सुटायला 'रिपोर्ट स्पॅम' दाबलं तर काय बिघडतं?

तुम्ही स्वतः नाव दिलेल्या यादीच्या बाबतीत बरंच बिघडतं. गूगलची अपेक्षा आहे की पाठवणाऱ्याविरुद्धच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली राहाव्यात. सहाशेच्या यादीत हे प्रमाण दोन माणसांपर्यंतही पोचत नाही. वाचनालयाचं किंवा मंडळाचं मासिक पत्र नको झालं म्हणून दोघा-तिघांनी ते बटण दाबलं, तर ज्यांना ते हवं आहे त्यांचाही मेल अडू शकतो. अशा वेळी 'अनसबस्क्राइब' दाबा किंवा सेक्रेटरीला सरळ सांगा. अनोळखी माणसाचा मेल असेल तर मात्र बेलाशक 'रिपोर्ट स्पॅम', आणि त्यातल्या 'अनसबस्क्राइब'च्या लिंकला हात लावू नका.

मराठीत लिहिलेला मेल स्पॅममध्ये जातो का?

मराठी आहे म्हणून नाही. विषयाची ओळ देवनागरीत बिनधास्त लिहा. अडचण येते ती जुन्या फॉन्टची. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत त्याची अक्षरं इंग्रजीच असतात. तो मेलमध्ये चिकटवला की संपादकाला आणि फिल्टरलाही अर्थहीन अक्षरांची रांग दिसते. दिवाळी अंकाला कथा-कविता पाठवताना युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, लिहा. विषय रिकामा ठेवू नका, आणि 'सोबत पाहावे' एवढ्यावर न थांबता दोन ओळी तरी लिहा.

मुलाला बोटीवरच्या नोकरीचा मेल स्पॅममध्ये सापडला. खरा असेल का?

असू शकतो, पण इथे घाई करू नका. आधी एजन्सी तपासा. भारतात खलाशांची भरती करणाऱ्या एजन्सीला नौवहन महासंचालनालयाचा, म्हणजे डीजी शिपिंगचा, आरपीएसएल परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन न करता त्या यादीतल्या नंबरवर करा. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारात बसत नाही, त्यामुळे 'प्रोसेसिंग फी'चा आकडा दिसला की तिथेच थांबा. खात्री पटली तर 'नॉट स्पॅम' करा आणि एजन्सीच्या डोमेनसाठी वर सांगितलेला नियम करा. मुलगा बोटीवर चढण्याआधीच हे करून ठेवा, समुद्रावरच्या तुटक इंटरनेटवर स्पॅम धुंडाळणं जिकिरीचं होतं.

प्रवेशाचे, व्हिसाचे मेल 'नो रिप्लाय' पत्त्यावरून येतात. त्यांना उत्तर कसं देऊ?

देऊ नका. अर्ज करताच त्या डोमेनचा नियम करून ठेवा, मेलची वाट बघत बसण्याआधी. आणि पोर्टलवर लॉगिन करून अर्जाची स्थिती स्वतः बघत राहा.

मेल 'प्रमोशन्स'मध्ये गेला. तो स्पॅमच ना?

नाही. तो इनबॉक्सचाच एक कप्पा आहे आणि तिथला मेल ३० दिवसांनी पुसला जात नाही. ओढून 'प्रायमरी'त टाका आणि पुढचेही तिथेच हवेत का असं विचारलं तर 'येस' म्हणा.

ऑफिसच्या पत्त्यावर आलेला मेल स्पॅममध्येही नाही.

कंपन्यांत बऱ्याचदा मेल सर्व्हरवरच अडवून ठेवतात, तुमच्या फोल्डरपर्यंत तो पोचतच नाही. आयटीवाल्याला 'क्वारंटाइन' बघायला सांगा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख, अंदाजे वेळ द्या.

आमचा मेल परत आला आणि त्यात नुसते आकडे आहेत.

ते आकडेच कामाचे असतात, तो मेल पुसू नका. सुरुवात ४ने असेल तर अडथळा तात्पुरता आहे आणि सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. ५ने असेल तर नकार पक्का आहे. त्यातही ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही, ५.२.२ म्हणजे समोरच्याचं खातं भरलं आहे, आणि जीमेलकडून ५.७.२६ आला तर तुमच्या मेलची ओळख पटलेली नाही, म्हणजे पुन्हा एसपीएफ आणि डीकेआयएमकडे या.

एवढ्या कटकटीपेक्षा फिल्टरच बंद करून टाकला तर?

कृपा करून नको. वीज तोडण्याची धमकी, बँकेचं केवायसी, पार्सल अडकल्याचा निरोप, असं सगळं रोज याच दारावर अडतं. फिल्टर हटवला की हे सगळं घरातल्या सगळ्यात भोळ्या माणसाच्या फोनवर येऊन पडेल. आणि पैसे गेलेच तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

डोमेन, एसपीएफ हे आमच्याने होणार नाही. कोणाला काय सांगू?

ज्याच्याकडून वेबसाइट आणि डोमेन घेतलं त्यालाच. त्याला तीन गोष्टी लेखी मागा: आमच्या नावाने मेल पाठवणाऱ्या सगळ्या सेवा एकाच एसपीएफ नोंदीत घाल, डीकेआयएम चालू कर, आणि डीमार्क आधी 'नन'वर (न जुळणारा मेल अडवू नका) ठेव, अहवाल बघून मग 'क्वारंटाइन'वर (तो स्पॅममध्ये टाका) ने. जाणकाराला हे तासा-दोन तासांचं काम आहे, त्याहून मोठा खर्च सांगत असेल तर दुसऱ्याला विचारा. डोमेनचं खातं आणि त्याच्या नूतनीकरणाचा मेल तुमच्या नावावर असू द्या, त्याच्या नाही. आणि हे काम करायला त्याला तुमच्या जीमेलचा पासवर्ड लागत नाही.